वाणात दिलेला मका

अंबत्तूर, मद्रास
१६ डिसेंबर १९९३

अण्णा,

नमस्कार. पुढचा सगळा मायना तूच मनात भरून घे. गॅसवर डाळ आहे, मला तेवढा वेळ नाही.

तुझी पुडी पोचली. वर "गोड मका, गुरुराजने हैदराबादहून पाठवला, निम्मा तुला" असं लिहिलं होतंस म्हणून वाचला, नाही तर केरात गेला असता. हे काय बी आहे? दाणा कसा टपोरा हवा. हे चाळीसच्या चाळीस सुरकुतलेले, तळहातावर घेतले तर आजीच्या गालासारखे दिसतात. तुझा तो जुना विद्यार्थी बियाण्याच्या फार्मवर मोठा साहेब असेल, पण त्याने तुला किडका माल दिला. मास्तरला कोणीही फसवतो.

आता खरी गोष्ट. यांच्या कारखान्यातला राजगोपाल तंजावरला जाऊन आला. तुझ्याकडे डोकावला होता म्हणे. मला येऊन सांगतो, "सेतुमाधव सर मेसमधून एकच डबा आणतात. अर्धा सकाळी, अर्धा रात्री." आणि तू मला काय लिहितोस? "जेवणाची उत्तम व्यवस्था आहे." याला उत्तम म्हणतात का? वहिनी जाऊन दीड वर्ष झालं. घर भाड्याचं. शाळेतून निवृत्त झालास. तिथे बसून कोणाची राखण करतोस?

चंद्रिका लग्न होऊन बेंगलोरला गेली, मागची खोली रिकामी आहे. खिडकी आहे, पंखा आहे. इकडे ये. चार दिवसांसाठी नाही, कायमचा ये. हेही तसंच म्हणतात. हे म्हणतात म्हणजे मी म्हणते आणि हे मान हलवतात.

डाळ उतू गेली.

कनका

*

तंजावर
२१ डिसेंबर १९९३

चि. कनका हिस अनेक आशीर्वाद.

बी किडके नाही. साधा मका पिठाने भरलेला असतो, म्हणून वाळला तरी टपोरा राहतो. गोड मक्यात साखर असते. वाळल्यावर दाणा आत खचतो आणि सुरकुततो. सुरकुती हीच त्याची खूण. तेव्हा गुरुराजची क्षमा माग, मनातल्या मनात का होईना.

पेरताना एक लक्षात ठेव. मक्याला जागा बदललेली खपत नाही. मिरची-वांग्यासारखे रोप करून मग दुसरीकडे लावणे त्याला मानवत नाही. जिथे वाढायचे तिथेच त्याला पेरावे.

राजगोपाल चांगला मुलगा आहे, परंतु त्याला लोकांचे डबे मोजण्याची सवय दिसते. माझी प्रकृती उत्तम आहे.

तुझ्या बोलावण्याबद्दल. राघोत्तमराव सज्जन आहेत, म्हणूनच मी येणार नाही. भावाने बहिणीच्या घरी भाऊबीजेला जावे, चार दिवस राहावे आणि ओवाळणी घालून निघावे. कायमचा मुक्काम टाकणारा मेव्हणा म्हणजे घरातली अडगळ. आपल्या वडिलांचे मामा असेच आपल्याकडे राहिले होते. जेवायला आत येण्यापूर्वी ते दारात उभे राहून तीन-तीनदा खाकरत, कोणी "या" म्हणेपर्यंत. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मला आठवते.

सेतुमाधव

*

अंबत्तूर
३० डिसेंबर १९९३

अण्णा,

तुझं शहाणपण उशिरा पोचलं. वीस दाणे मी पुडी आली त्याच दिवशी पेरले होते. मागच्या अंगणात घुशी आहेत, बी टाकलं की उकरून खातात. म्हणून फुटक्या बादलीत पेरले. सुरकुतलेले होते तरी अठरा उगवले. गुरुराजची क्षमा मागितली, मनात.

मग वीतभर झाल्यावर जमिनीत लावले. तंजावरच्या मुलीला रोप लावायला कोणी शिकवायला नको. आजोबांच्या शेतात भाताची लावणी बघत मी वाढले. उपटायचं, मुळं पाण्यात खळखळून धुवायची, जुडी बांधायची, चिखल करायचा आणि अंगठ्याने खोचायचं. अगदी तसंच केलं. हे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "शाब्बास." दोन दिवसांत अठराच्या अठरा आडवे. मी यांना म्हटलं, तुमची दृष्ट लागली.

आणि तिसऱ्या दिवशी तुझं पत्र. मक्याला जागा बदललेली खपत नाही. हे तू मक्याचं लिहिलंस की तुझं?

उरलेले वीस दाणे आज दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरले, एका पिशवीत एक. तळाला भोकं पाडली. लावताना उपटायलाच नको, पिशवी फाडली की झालं. बरोबर की चूक ते लगेच कळव. लगेच म्हणजे आठ ओळींत. मूळ सिद्धांत नको.

वडिलांचे मामा मला चांगले आठवतात. मला खांद्यावर बसवून कावेरीवर न्यायचे. ते खाकरायचे ते तपकिरीमुळे. तू त्यावरून साठ वर्षांचा होईस्तोवर डोकं खपवलंस. संक्रांतीला ये.

कनका

*

तंजावर
४ जानेवारी १९९४

चि. कनकास आशीर्वाद.

भाताची मुळे धुतात म्हणून मक्याची धुतलीस! भात पाण्यातला गडी आहे, उपटला तरी चिखलात पुन्हा पाय रोवतो. मक्याचे मूळ एकदा उघडे पडले की संपले.

पिशवीची कल्पना उत्तम आहे. मी तीच सुचवणार होतो. रोप दोन आठवड्यांचे असतानाच हलव. मोठे झाल्यावर नाही. संध्याकाळी लाव, म्हणजे ऊन लागणार नाही. खड्डा आधी ओला कर. पिशवी उभी फाड आणि मातीचा गोळा न फोडता आत ठेव. आपण हललो हे मुळाला कळताच कामा नये.

मामा तपकीर ओढत नसत. याबाबतीत तुझी माहिती चुकीची आहे.

संक्रांतीला येणे जमणार नाही. घराला कुलूप लावून जाणे योग्य वाटत नाही.

सेतुमाधव

*

अंबत्तूर
१७ जानेवारी १९९४

अण्णा,

"मी तीच सुचवणार होतो" म्हणे. हो, हो.

ऐक आता. वीसातले बारा आले आणि बाराही जगले! एकानेही मान टाकली नाही. सगळी रोपं मी स्वतःच्या हाताने लावली. मातीचा गोळा जसाच्या तसा. ब्लेडने पिशवी फाडायची, गोळा खड्ड्यात, वरून हात दाबायचा, तांब्याभर पाणी. तू असतास तर दहापैकी दहा दिले असतेस. नसतेच दिले, नऊ दिले असतेस.

आणि कुठे लावली ते ऐकून तुला आनंद होईल. आई संक्रांतीला वाण काय द्यायची, आठवतं? पोंगलला बाजारात येतं ते हळदीचं रोप, पानामुळासकट, प्रत्येक सवाष्णीला एक. म्हणायची, वाण असं द्यावं की दुसरीच्या अंगणात वाढलं पाहिजे. यंदा बाजारातली हळद पावसाने पिवळी पडलेली, हातात धरवेना. मी म्हटलं, रडायचं कशाला, माझ्याकडे रोपं आहेत की. अकरा जणींना हळदीकुंकवाला बोलावलं आणि अकरा जणींना मका दिला. नुसता हातात दिला नाही, तुझ्या मक्याचे नखरे माहीत आहेत ना, दोन दिवस घरोघर जाऊन लावून दिला. शेजारच्या विशालाक्षी मामीने रोपालाच कुंकू लावलं. पोस्टमनच्या बायकोने तुळशीशेजारी जागा दिली. दोन घरं सोडून नारायणस्वामी राहतो, तो म्हणाला, "मका बीचवर भाजून खायचा असतो, घरात कशाला?" त्याच्या बायकोने त्याला आत पाठवलं.

बारावं माझ्या अंगणात, नळाजवळ. सगळ्या गल्लीत कौतुक चाललंय. मी सांगते, माझा भाऊ मास्तर आहे, त्याच्या विद्यार्थ्याचं बी आहे. तू इथे असतास तर मान ताठ करून फिरला असतास.

कनका

*

तंजावर
२२ जानेवारी १९९४

कनका,

आशीर्वाद नंतर. हे काय करून बसलीस?

एकेका घरी एकेक मका! अगं, हळद कंदाने वाढते, तिला कोणाची गरज नसते. मक्याचे तसे नाही. त्याच्या डोक्यावर तुरा येतो, त्यात पूड असते. खाली कणसाला केस येतात. वाऱ्याने एकाच्या तुऱ्यातली पूड दुसऱ्याच्या केसांवर पडली, तर दाणा भरतो. एक केस, एक दाणा. म्हणून मका दाटीने, चौकोनात लावतात. नुसती एक ओळ लावली तरी दाणे कमी भरतात, आणि तू तर प्रत्येकाला भिंतीआड एकटे उभे केलेस. झाडे वाढतील, उंच होतील, हिरवीगार दिसतील. कणीस सोलशील तेव्हा आत दात पडलेली म्हातारी हसेल.

नीट लक्षात ठेव: एकटा मका भरत नाही. त्याला शेजार लागतो.

सेतुमाधव

*

अंबत्तूर
२७ जानेवारी १९९४

अण्णा,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ तूच परत वाच. मोठ्याने वाच. घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून लाज वाटायचं कारण नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं वाचता येतं.

कनका

*

(पोस्टकार्ड)

तंजावर
३ फेब्रुवारी १९९४

चि. कनकास आशीर्वाद.

मका आणि माणूस यांत फरक आहे. हा विषय इथे संपला.

मक्यावर उपाय आहे. तुरा फुलला की सकाळी, दव वाळल्यावर, त्यावर कागदाची पिशवी धरून हलके झटकावे. पिवळी पूड जमेल. ती दुसऱ्या घरच्या झाडाच्या केसांवर भुरभुरावी. तीन-चार दिवस रोज. कोणालाही जमेल असे काम आहे. वाण दिले आहेस तर निस्तर.

सेतुमाधव

*

अंबत्तूर
१८ फेब्रुवारी १९९४

अण्णा,

तुरे आले. विशालाक्षी मामीचा आधी आला, कारण ती ताकाचं पाणी घालते. आता केसही दिसायला लागलेत.

तू लिहिलंस तशी मी पिशवी घेऊन गेले. झटकायला गेले तर सगळी पूड माझ्या नाकात. नऊ शिंका. मामी म्हणाली, "सर्दी झालीय तर अंगणात कशाला फिरता?" मला हे जमत नाही. माझा हात जड आहे, तुला माहीत आहे, मी पुरी लाटते तीसुद्धा एका बाजूला जाड होते.

इकडे अकराच्या अकरा जणी रोज विचारतात. पोस्टमनच्या बायकोने घरी सांगून ठेवलंय की पहिलं कणीस देवाला. आता त्यांना काय सांगू? तुम्हाला दिलं ते वाण पोकळ निघणार आहे? संक्रांतीचं वाण फुकट गेलं तर या गल्लीत मी तोंड वर करून चालणार नाही. आईची रीत होती ती. बुडाली तर माझ्या हातून बुडाली असं होईल.

कायमचा ये म्हणत नाही. ते बोलणं मी सोडलं. मक्यापुरता ये. चार दिवस. भाऊबीजेला येतोस तसाच ये. पाहिजे तर ओवाळीन.

लवकर ठरव. केस वाळले की संपलं ना?

कनका

*

(तार)

२२ फेब्रुवारी १९९४

गुरुवारी सकाळी एग्मोर स्टेशन. चार दिवस फक्त. सेतुमाधव.

*

अंबत्तूर
१७ मार्च १९९४

अण्णा,

चार दिवसांसाठी आलास, बारा दिवस राहिलास, आणि आठ तारखेला उठून गेलास. जाऊन नऊ दिवस झाले, पोचल्याचं पत्र नाही. म्हणून मीच लिहिते.

कणसं काढली. तू शिकवून गेलास तशी, केस काळपट झाल्यावर, दाण्यात नख रुतवून दुधासारखा रस आला तेव्हा. पोस्टमनच्या बायकोचं झाड गाईने खाल्लं, त्याला आपण काही करू शकत नाही. उरली अकरा. त्यातली नऊ गच्च भरली, टोकापर्यंत. दोन अर्धी. विशालाक्षी मामी आपलं कणीस माझ्या दारात आणून सोलायला बसली, जणू काही आत बाळ आहे. पहिला दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "यात साखर कोणी घातली?" नारायणस्वामी भाजायला निघाला होता. मी सांगितलं, हा उकडायचा, आणि तोडल्या-तोडल्या उकडायचा, नाही तर साखर उतरते, वाद्यार सांगून गेलेत. आता गल्लीत तू सगळ्यांचा मास्तर, वाद्यार, आणि सगळं तुझ्या नावावर चालतं. वाद्यार म्हणाले म्हटलं की कोणी उलट बोलत नाही. चोवीस वर्षं या गल्लीत राहते, माझं कोणी इतकं ऐकलं नाही.

रोज मामी विचारते, "वारा परत कधी येणार?" त्या पहिल्या सकाळी तू लिफाफा घेऊन तिच्या अंगणात शिरलास आणि तिने विचारलं, हे काय करता, तेव्हा तुझे कान लाल झाले होते. नर-मादी कसं सांगायचं बायामाणसांना! आणि तू म्हणालास, "मामी, इथे वारा येत नाही, म्हणून मी आलोय." हेडमास्तर झालेला माणूस! तेव्हापासून तू वारा. अकरा घरी कॉफी प्यायलास तू त्या दिवशी. मला म्हणालास पाच घरी. मी सगळीकडे विचारून आले.

आता एक सांगते, कारण लपवून ठेवायचा मला कंटाळा येतो. पूड झाडायला मला येत होतं. पहिल्याच दिवशी जमलं होतं. मामीच्या तुऱ्यातली पूड आणून माझ्या नळाजवळच्या झाडाला घातली होती, एकही शिंक आली नाही. तुला पत्रात खोटं लिहिलं. तू आलास की तुला इथलं बघून राहावंसं वाटेल, असं मला वाटलं होतं. आणि तुला वाटत होतं, अण्णा. मी काही आंधळी नाही. संध्याकाळी यांच्याशी पत्ते खेळताना तू चिडायचास, ते खरं चिडणं होतं. पाहुणा असा चिडत नाही.

मग एग्मोरला गाडीत बसलास, मी खिडकीला धरून विचारलं, "येशील ना राहायला?" तर म्हणालास, "बघू." आपल्या घरात बघू म्हणजे नाही. वडील बघू म्हणाले आणि माझी शाळा सुटली.

तेव्हा आता ऐक. मी परत बोलावणार नाही. तीन महिने पत्र लिहून माझी बोटं दुखली. राहा तिकडे. डबा अर्धा कर, पाव कर, मला सांगू नकोस. राजगोपाललाही मी सांगितलंय, तंजावरला गेलास तर तिकडे बघायचं नाही.

दोन कणसं खाऊन हे म्हणाले, "सेतुला एक ठेव." कसं ठेवू?

कनका

*

तंजावर
१७ मार्च १९९४

चि. कनका हिस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचे पत्र लिहिले नाही, कारण अर्धवट मजकुराचे पत्र लिहिणे मला आवडत नाही. आता मजकूर पूर्ण झाला आहे.

काहीही लपवले तरी अण्णाला कळते, असे तू लहानपणी म्हणायचीस. तुझ्या नळाजवळच्या झाडाचे केस मी आलो त्या दिवशीच तांबूस होऊन मिटायला लागले होते. पूड मिळाल्यावरच केस असे मिटतात. कोणीतरी नीट, हलक्या हाताने घातलेली होती. जड हाताच्या बाईचे ते काम नव्हते. मी बोललो नाही. मला चार दिवसांत परत पाठवशील अशी भीती वाटली.

नवव्या दिवशी नारायणस्वामींच्या घरी झाडापाशी उभा होतो. ते म्हणाले, गच्चीवरची खोली रिकामी आहे, भाडेकरू गेला. मी वर जाऊन पाहिली. खाली उतरेपर्यंत मी ती भाड्याने घेतली होती. त्यांना सांगितले, कनकाला आत्ताच सांगू नका. तुला कळले असते तर तू त्याच दुपारी माझा बिछाना नेऊन टाकला असतास, आणि मला आधी इथे येऊन एकदा बसायचे होते.

तुझ्या वहिनीला, महालक्ष्मीला, न विचारता मी घर सोडणार नव्हतो. सात दिवस इथे बसलो. ती काही बोलली नाही. जिवंत असतानाही माझ्या निर्णयांवर ती बोलत नसे. पटले की उठून फडताळातले डबे आवरायला घेत असे. परवा मी डबे आवरायला घेतले. तिच्या हाताची मेतकुटाची बरणी निघाली, रिकामी. ती सोबत आणतो आहे. बाकी भांडी मेसवाल्याला देतो. त्याच्या डब्याविषयी राजगोपाल बोलला ते खरे आहे.

तुझ्या घरी राहणार नाही, त्यात बदल नाही. माझी खोली, माझी किल्ली, सकाळची कॉफी माझ्या स्टोव्हवर. दुपारी मी तुझ्याकडे येईन, राघोत्तमरावांनी बोलावले तर. एक एप्रिलला, शुक्रवारी सकाळी एग्मोर.

वडिलांचे मामा तपकीर ओढत होते की नाही, हे मला आता खात्रीने आठवत नाही.

सेतुमाधव

*

अंबत्तूर
२१ मार्च १९९४

अण्णा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझ्यातलं "परत बोलावणार नाही" ते खोडून टाक. लाल शाईने खोड, तुला सवय आहे.

तुझं पत्र वाचून मी पदर खोचला आणि नारायणस्वामीकडे गेले. म्हटलं, "पंधरा दिवस रोज माझ्या दारावरून जाता, आणि तोंडातून शब्द नाही?" म्हणाला, "वाद्यारनी शपथ घातली होती." त्याची बायको आतून ओरडली, "मलाही आजच कळतंय!" आता त्याच्या घरी दोन दिवस तरी चांगलं जेवण मिळायचं नाही त्याला. बरं झालं.

खोली बघितली. पायऱ्या एकवीस आहेत, शेवटची तुटकी, रात्रीचा उतरू नकोस. एका भिंतीला ओल आहे, तिकडे पुस्तकं लावायची नाहीत. नळाला सकाळी सहा ते सात पाणी येतं, म्हणून बादल्या दोन लागतील. जळमटं मी काढली. मामीने मदत केली, म्हणजे मामी दारात उभी राहून बोलत होती. गच्चीवर माती टाकून काहीतरी लावायचं तिच्या डोक्यात आहे. तू आल्यावर तू आणि ती भांडा, मला मध्ये घेऊ नका.

तुझी किल्ली तुझ्याकडे, तुझा स्टोव्ह तुझ्याकडे. मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं आहे पुष्कळ, पण तू येतोयस म्हणून गिळलं.

पण ते "राघोत्तमरावांनी बोलावले तर" तू लिहिलंस ना, ते मी यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, तुमचा मेव्हणा काय लिहितो. यांनी पेपराचं पान उलटलं. तुला माहीत आहे यांचं, एकतीस वर्षांत वाक्यं किती बोलले ते मी मोजून सांगीन. मला वाटलं, ऐकलंच नाही. संध्याकाळी बघते तर पडवीतली यांची वेताची खुर्ची जागेवर नाही. कारखान्यातून आल्यावर ज्या खुर्चीत बसतात, ज्यात मी कधी बसले तर समोर येऊन उभे राहतात, ती. गुडघे दुखतात म्हणून यांनी देवळाच्या पायऱ्यासुद्धा सोडल्यात, आणि ती खुर्ची डोक्यावर घेऊन एकवीस पायऱ्या चढून नारायणस्वामीच्या गच्चीवर ठेवून आले.

मी म्हटलं, "अहो, आता इथे तुम्ही कशावर बसणार?"

म्हणाले, "इथे कशाला? वर. सेतुबरोबर."

तेव्हा खोलीत खुर्ची आहे, पण ती तुझी नाही. तुझी घेऊन ये.

कनका